क्विझनेर कांड्या: बोटांवर मोजणाऱ्या मुलांसाठी

आठ अधिक सात करताना दर वेळी एकपासून बोटे मोजणाऱ्या मुलाला आणखी उदाहरणे सोडवायला लावून फारसे काही साधत नाही, कारण आठ म्हणजे एक अखंड राशी आहे हे त्याच्या मनात अजून उतरलेलेच नसते. माझ्या मुलीची अडचण नेमकी हीच होती, आणि तिच्यासाठी घेतलेल्या क्विझनेर कांड्यांचा मला मनापासून उपयोग वाटला.

जॉर्ज क्विझनेर या बेल्जियन शिक्षकाने तयार केलेल्या या कांड्या १९५० च्या दशकात जगभर पोहोचल्या. एक ते दहा सेंटिमीटर अशा दहा लांबी आणि प्रत्येक लांबीला ठरलेला रंग, एवढीच त्यांची रचना. आठची तपकिरी कांडी आणि सातची काळी एका रेषेत ठेवून त्यांच्याखाली दहाची नारिंगी लावली, की उरलेल्या जागेत पाचची पिवळी बरोबर बसते. हातचा येतो कुठून, हे मुलाला समोर दिसते. नऊच्या निळ्या कांडीशेजारी पाचची पिवळी ठेवली, तर वजाबाकी म्हणजे दोन राशींमधला फरक, हा अर्थही उलगडतो, जो ‘काढून टाकणे’ एवढेच शिकलेल्या मुलांना सहसा माहीत नसतो. अपूर्णांकांसाठी तर मला याहून चांगले साधन सापडलेले नाही: सहाच्या गडद हिरव्या कांडीत तीनच्या दोन बसतात, म्हणून तीन तिचा अर्धा भाग.

पहिले काही दिवस मात्र मुलाला नुसते खेळू द्यावे आणि त्यानंतरही उत्तरासाठी घाई करू नये. लगेच लेखी उदाहरणांकडे वळले, तर रंग पाठ होतात आणि संख्या तशीच राहते.

उणिवाही आहेत. नेहमीच्या ७४ कांड्यांच्या संचात नारिंगी कांड्या चारच असतात, त्यामुळे मोठ्या दोन अंकी संख्यांना संच अपुरा पडतो. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या मुलाला रंगांचा आधार मिळत नाही, त्याला लांबीवरच भर द्यावा लागतो. शिवाय अडचण दीर्घकाळ टिकून असेल, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे संख्या आणि गणित शिकण्यातल्या विशिष्ट अक्षमतेची, तपासणी तज्ज्ञांकडूनच करून घ्यावी. ते काम या साधनाचे नाही.

संच घेताना सेंटिमीटरच्या खाचा पाडलेल्या कांड्या टाळाव्यात, कारण खाचा दिसल्या की मूल पुन्हा एकेक मोजू लागते.