सोडियम ट्रायमेटाफॉस्फेट: विकरांशिवाय शर्करेला फॉस्फेट जोडणारी पूड

विकरांची (एन्झाइमांची) मदत न घेता आणि शर्करेचे हायड्रॉक्सिल (–OH) गट आधी एकेक करून झाकत न बसता, थेट पाण्यात फॉस्फेट जोडायचा असेल, तर सहज विकत मिळणाऱ्या अभिकारकांपैकी मी सोडियम ट्रायमेटाफॉस्फेटलाच पहिली पसंती देईन. याच कामाचा दुसरा अभिकारक असलेल्या फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडची बाटली ओलसर हवेत उघडताच धुरते, पाण्याशी त्याचा संयोग उग्र होतो आणि रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. ही पांढरी पूड मात्र हातमोजे घालून बाकावरच तोलता येते आणि पाण्यात चांगली विरघळते.

तिचे सामर्थ्य तिच्या वलयात आहे. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचे प्रत्येकी तीन अणू आळीपाळीने जोडून झालेल्या या वलयावर, सामू (पीएच) १२ च्या आसपास, शर्करेचा प्रोटॉन गमावलेला हायड्रॉक्सिल गट हल्ला चढवतो. वलय उघडते आणि तिन्ही फॉस्फेट एका साखळीने शर्करेला जोडले जातात. ग्लुकोजमध्ये ही जोडणी पहिल्या कार्बनवर आणि मुख्यतः बीटा रूपात होते. रायबोन्यूक्लिओसाइडमधली (रायबोज शर्करेला नायट्रोजनयुक्त बेस जोडलेल्या रेणूमधली) पुढची पायरी मला विशेष देखणी वाटते: शेजारचा हायड्रॉक्सिल गट साखळीतील सर्वांत जवळच्या फॉस्फरसवर चाल करतो, पायरोफॉस्फेट (जोडलेले दोन फॉस्फेट) बाहेर पडते, आणि उरलेले चक्रीय फॉस्फेट पाण्याने उघडून दुसऱ्या व तिसऱ्या स्थानांवरील मोनोफॉस्फेटांचे मिश्रण मिळते. रसायनशास्त्रज्ञ श्वार्ट्झ यांनी १९६९ मध्येच ही निवडकता दाखवून दिली होती. डीऑक्सी न्यूक्लिओसाइडमध्ये दुसऱ्या स्थानावर हायड्रॉक्सिल नसतो; असा शेजारी नसल्यामुळे तिथे या पुडीकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

खरेदी करताना नावांच्या साधर्म्यापासून जपावे. डिटर्जंटमधले ट्रायपॉलिफॉस्फेट हे सरळ साखळीचे असून या परिस्थितीत जवळजवळ निष्क्रिय राहते, म्हणून मागणीपत्रावर कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरावीक नोंदणी क्रमांक) ७७८५-८४-४ लिहावाच. आमच्याकडे आलेल्या एका बाटलीत साखळीरूप फॉस्फेटची भेसळ बरीच होती. फॉस्फरस एनएमआरमध्ये (फॉस्फरस अणूंची रचना दाखवणाऱ्या वर्णपट चाचणीत) शुद्ध पुडीची उणे २१ पीपीएमजवळ एकच तीक्ष्ण रेघ दिसते, त्यामुळे ही तपासणी अवघ्या काही मिनिटांत होते आणि ती टाळण्यास कोणतेही कारण नाही.

उणिवाही गंभीर आहेत. अभिक्रिया सामान्य तापमानाला काही दिवस घेते. तेवढ्या काळात अल्कधर्मी द्रावणातील मुक्त शर्करेची रूपे बदलू लागतात आणि द्रावण तपकिरी होते, तर पूड स्वतःही हळूहळू पाण्याने फुटत राहते. शेवटी हवे ते शर्करा-फॉस्फेट अजैविक फॉस्फेटांच्या गर्दीतून आयन-विनिमय स्तंभाने वेगळे काढावे लागते, आणि खरे कष्ट तिथेच पडतात.

अल्कली सोसत नसलेल्या शर्करांसाठी याच पुडीवर अमोनियाची क्रिया करून अमिडोट्रायफॉस्फेट बनवता येते. त्याच्या मदतीने ग्लायकोलाल्डिहाइड या दोन कार्बनच्या साध्या शर्करेला उदासीनच्या जवळपासच्या सामूवर फॉस्फेट जोडला जातो. रसायनशास्त्रज्ञ कृष्णमूर्ती, गुंथा आणि एशेनमोझर यांनी अशाच अमिडोफॉस्फेटांनी अल्डोज (अल्डिहाइड गट असलेल्या) शर्करांच्या कार्बोनिलशेजारच्या हायड्रॉक्सिलवर नेमका फॉस्फेट बसवण्याचे काम २००० साली प्रसिद्ध केले. जीवसृष्टीपूर्व रसायनशास्त्रात (जीव निर्माण होण्याआधीच्या पृथ्वीवरील रसायनांच्या अभ्यासात) रस असलेल्या प्रयोगशाळेने केवळ एवढ्यासाठीही ही बाटली घ्यावी. ज्यांना ग्लुकोज-६-फॉस्फेटच हवे आहे, त्यांनी मात्र ती घेऊ नये; त्या कामाला हेक्झोकायनेज हे विकर आणि फॉस्फेट पुरवणारे एटीपी हाच सरळ मार्ग आहे.