टेक्नेशियम नॅनोकोलॉइड किट : तोंडाच्या कॅन्सरच्या सेंटिनेल नोडसाठी

गाठीतून कॅन्सर आधी ज्या लसिकाग्रंथीत पोहोचतो तो सेंटिनेल नोड; तो किरणोत्सारी टेक्नेशियमने शोधायला हे किट. किट चांगलं आहे, पण हवा आणि ऊन दोन्हींचं त्याला वावडं. पार्सल जळगाव-भुसावळला ४५ अंशांत उघड्यावर पडून राहिलं तर २ ते ८ अंशांत साठवण्याच्या अटीला काही अर्थ उरत नाही. बर्फाच्या पिशव्या वितळलेल्या दिसल्या तर खोका सरळ परत करा.

कुपीत अल्ब्युमिनचे कण असतात, बहुतेक ८० नॅनोमीटरच्या आतले. टेक्नेशियम त्यांना चिकटावं म्हणून सोबत थोडं स्टॅनस क्लोराइड असतं आणि हवा लागली की आधी तेच बिघडतं. म्हणून जनरेटरचं (मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम देणाऱ्या यंत्राचं) द्रावण कुपीत सोडलं की तेवढाच वायू त्याच सिरिंजने ओढून घ्या. बाहेरची हवा आत ढकलू नका. रविवारी जनरेटर बंद होता? मग सोमवारचं पहिलं इल्युशन (जनरेटरमधून काढलेलं द्रावण) वापरू नका. त्यात कामाच्या टेक्नेशियम-९९m चा क्षय होऊन साचलेलं टेक्नेशियम-९९ जास्त असतं आणि तेच स्टॅनस खाऊन टाकतं.

लेबलिंग (कणांना टेक्नेशियम चिकटवणं) फसलं तर मोकळं परटेक्नेटेट, म्हणजे न चिकटलेलं टेक्नेशियम, लाळग्रंथींत जाऊन बसतं. गुटख्याच्या पेशंटमध्ये नोड शोधायचा जबड्याखाली आणि ग्रंथीही उजळते तिथेच. वाचणारा नवखा असेल तर ग्रंथीलाच नोड समजेल. म्हणून टोचण्याआधी क्रोमॅटोग्राफीची पट्टी बघाच: कोलॉइड (टेक्नेशियम चिकटलेले कण) आरंभरेषेवर राहतं, मोकळं पुढे पळतं. शुद्धता ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुपी बाद.

गाठीभोवती चार बाजूंना थोडं-थोडं टोचा. जिभेखालच्या गाठीत टोचल्या जागेचा झगमगाट शेजारचा नोड झाकून टाकतो. स्पेक्ट-सीटीने (किरणोत्साराचं त्रिमितीय चित्र आणि सीटी एकत्र) तो बऱ्याचदा सुटा दिसतो, पण दोन स्कॅनच्या मधे पेशंटने मान हलवली तर चित्रं जुळत नाहीत. कुपीत इंडोसायनिन ग्रीन हा खास कॅमेऱ्याखाली चमकणारा रंगही मिसळता येतो. ऑपरेशनमध्ये सर्जनला नोड चमकताना दिसतो, मात्र जेमतेम सेंटिमीटरभर खोलीपर्यंतच. या रंगात आयोडीन असतं, म्हणून त्याची अ‍ॅलर्जी आधी विचारून घ्या.

याऐवजी मुंबईहून पेट स्कॅनचं फ्लोरिन-१८ मागवायचं तर त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ११० मिनिटांचं. रस्त्याने आठ तास लागले तर इथे पोहोचेपर्यंत विसावा हिस्साच उरतो. जनरेटरमधल्या मॉलिब्डेनमचं ६६ तासांचं, टेक्नेशियमचं ६ तासांचं. खानदेशात हाच जोड परवडतो. कुरकूर एकच: लेबल केलेली कुपी त्याच दिवशी संपवावी लागते. एकाच पेशंटसाठी फोडली तर बाकीची वाया. धुळे-नंदुरबारचे पेशंट त्याच दिवशी बोलवा.