आधी छंद की व्यवसाय, मग फॉर्म: एडिसन, न्यू जर्सी येथील करसल्लागार

नोकरी सांभाळून मी सिरॅमिकची भांडी घडवते आणि शनिवार-रविवारच्या बाजारात विकते. भट्टीचे वीजबिल आणि स्टॉलचे भाडे यांमुळे तूर्त विक्रीपेक्षा खर्च अधिक होतो. हा तोटा पगारातून वजा करता येईल का, हे विचारण्यासाठी मी या करसल्लागारांकडे गेले. शेड्यूल सी, म्हणजे व्यवसायाचा नफा-तोटा दाखवणारा कर-फॉर्म, लगेच भरून देणारे पुष्कळ भेटतात. इथे मात्र फॉर्मला हात लावण्यापूर्वी बँक खाते वेगळे आहे का, भांड्यांच्या किमती कशा ठरवता, तोटा कमी व्हावा म्हणून काय बदलले, याची बारकाईने चौकशी झाली, आणि या सेवेचे खरे मोल मला त्या चौकशीत वाटते.

अमेरिकी करसंहितेच्या कलम १८३ नुसार, नफ्याच्या हेतूने न केलेल्या उद्योगाचा तोटा पगारासारख्या अन्य उत्पन्नातून वजा होत नाही, आणि तो हेतू केवळ करदात्याच्या सांगण्यावरून नव्हे, तर नियमांतील ९ निकष व एकूण परिस्थिती पाहून ठरतो. सामान्यतः ५ पैकी ३ वर्षे नफा झाला (घोड्यांची पैदास वा शर्यती असतील तर ७ पैकी २ वर्षे), तर कायदा नफ्याचा हेतू गृहीत धरतो आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आयआरएसवर, म्हणजे अमेरिकेच्या करखात्यावर, येते. मात्र तेवढा नफा झाला नाही म्हणून व्यवसाय आपोआप छंद ठरत नाही. हा बारकावा त्यांनी माझ्याच हिशेबवहीतील नोंदी दाखवत समजावला. छंद ठरल्यास उत्पन्न तर दाखवावेच लागते, पण २०१८ पासून त्याचे बहुतेक खर्च संघीय करात वजा होत नाहीत, आणि २०२५ च्या कायद्याने ही बंदी कायमची केली. विकलेल्या भांड्यांची माती आणि ग्लेझ यांचा खर्च विक्रीतून वजा होतो, स्टॉलचे भाडे मात्र होत नाही. हे मला अन्यायकारक वाटते.

एक उणीव जाणवली. हेतूचा निर्णय पुढे ढकलण्याच्या फॉर्म ५२१३ विषयी त्यांनी फारच थोडक्यात सांगितले. तो भरल्यास, ज्या वर्षांचा निर्णय पुढे ढकलला त्यांच्या आयआरएस तपासणीची मुदतही लांबते, हे मी खोदून विचारल्यावर कळले. शुल्क तासावर असल्यामुळे पावत्या महिनावार लावून जावे.