संगणकाच्या टेबलावरची खरखर: अडॅप्टर, फेराइट रिंग आणि फिल्टरचा बोर्ड वापरून झालेला अनुभव

आधी निकाल सांगते. लॅपटॉपमुळे घरातल्या रेडिओवर खरखर येत असेल, तर पहिला खर्च चांगल्या अडॅप्टरवर करा, दुसरा अर्थिंगवर आणि मग फेराइटवर, म्हणजे केबलवर चढवायच्या चुंबकी पदार्थाच्या रिंगवर. फिल्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड सर्वांत शेवटी. या सगळ्या वस्तू मी उन्हाळ्यात घेतल्या, पावसाळाभर वापरल्या आणि आता दिवाळीनंतर हे लिहिते आहे.

आमच्याकडे हा प्रश्न आबांमुळे, म्हणजे माझ्या सासऱ्यांमुळे ऐरणीवर आला. आकाशवाणीचं पुणे केंद्र, मध्यम लहरी ७९२ किलोहर्ट्झ, हे त्यांचं रोजचं स्टेशन. लॅपटॉपचा मूळ अडॅप्टर गेला, मी बाजारातून तसाच दिसणारा दुसरा आणला आणि सकाळच्या प्रादेशिक बातम्या ऐकू येईनात. "तू मशीन लावलंस की बातम्या जातात, बघ," असं आबा म्हणायचे, आणि त्यांचं बरोबर होतं.

दोषी कोण हे शोधायला वेगळं उपकरण लागत नाही, सेलवर चालणारा साधा रेडिओ पुरतो. दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी काटा ठेवायचा, आवाज वाढवायचा आणि टेबलावरची एकेक वस्तू बंद करत जायचं. नुसतं बटण नाही, प्लगच काढायचा. रेडिओ स्वतःभोवती फिरवूनही पाहावा, कारण मध्यम लहरींचा अँटेना म्हणजे आतली फेराइटची कांडी आणि तिला दिशा असते. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून अडॅप्टर काढला की आमची खरखर जवळजवळ संपायची. लक्षात राहण्यासारखी गोष्ट म्हणजे ती सगळ्या पट्ट्यावर सारखी नव्हती; काटा सरकवताना ठरावीक अंतराने उसळी घ्यायची. या अडॅप्टरांमधला स्विच बऱ्याचदा सेकंदाला ६५ हजार वेळा, म्हणजे ६५ किलोहर्ट्झला चालू-बंद होतो. त्याच्या पटीतल्या लहरी रेडिओवर येतात. बारावी पट ७८० किलोहर्ट्झ. पुणे केंद्राच्या अगदी शेजारी!

हा ६५चा आकडाही सहज आलेला नाही. वीजतारेतून बाहेर पडणाऱ्या गोंगाटावरच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून सुरू होतात. ६५ची दुप्पट १३०, म्हणजे सर्वांत जोरदार अशा पहिल्या दोन लहरी मर्यादेच्या खालीच राहतात. पुढच्या लहरींसाठी मात्र फिल्टर लागतोच, आणि पैसे वाचवायचे तर कात्री तिथेच लागते.

दुरुस्तीवाल्या दादांनी तो अडॅप्टर माझ्यासमोर उघडला. छापील बोर्डवर फिल्टरच्या कॉइलसाठी आखलेली जागा होती, पण कॉइलऐवजी तारेचे दोन तुकडे जोडलेले. वर छापलेला बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर-नंबर (नोंदणी क्रमांक) मी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला, तर माहिती भलत्याच उत्पादनाची आली. ही तपासणी प्रत्येकाने करावी, दोन मिनिटांचं काम आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तो नंबर खरा निघाला असता, तरी खरखरीबद्दल त्यातून काहीच कळलं नसतं. २०१२च्या सक्तीच्या नोंदणी आदेशाखाली अडॅप्टर आणि लॅपटॉप आयएस १३२५२ या मानकाला तपासले जाऊ लागले. ते मानक सुरक्षेचं आहे: शॉक बसू नये, आग लागू नये. ते हवंच, त्याबद्दल दुमत नाही. वायरलेस माऊसला डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या बिनतारी लहरींवर देखरेख करणाऱ्या विभागाची, वेगळी मान्यता लागते, कारण तो मुद्दाम लहरी सोडतो. दूरसंचार उपकरणांच्या अनिवार्य चाचणीत ईएमआय-ईएमसीचा, म्हणजे अशा विद्युत-चुंबकीय गोंगाटाच्या तपासणीचा, भाग आहे. पण नकळत लहरी ओकणारा घरगुती अडॅप्टर या दोन्हींच्या मधून निसटतो. ग्राहक म्हणून हे मला मनापासून खटकतं. मुंबईत पवईला 'समीर' नावाची सरकारी संशोधन संस्था ईएमसीच्या चाचण्या करते, म्हणजे आपल्याकडे ज्ञान नाही असं मुळीच नाही.

अमेरिकेत या प्रश्नाने १९७०च्या दशकाच्या शेवटीच डोकं वर काढलं होतं. १९७७ साली आलेला टीआरएस-८० हा घरगुती संगणक आसपासच्या रेडिओवर इतका गोंगाट करायचा की एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकाचे नवे नियम आल्यावर कंपनीने तो सुधारण्यापेक्षा १९८१च्या सुरुवातीला बंदच केला. तेव्हापासून तिथे घरासाठी 'क्लास बी' आणि कार्यालय-कारखान्यांसाठी सैल 'क्लास ए' अशी विभागणी आहे. सीआयएसपीआर ३२ या आंतरराष्ट्रीय मानकातही तीच आहे. मध्यम लहरी ज्या पट्ट्यात येतात, त्या ०.५ ते ५ मेगाहर्ट्झमध्ये वीजतारेवर क्लास बीची मर्यादा ५६ डेसिबल-मायक्रोव्होल्ट, म्हणजे सुमारे ६३० मायक्रोव्होल्ट. क्लास एची ७३, म्हणजे जवळपास साडेचार मिलिव्होल्ट. सात पटींचा फरक! ऑफिसमधून निघालेलं जुनं सामान घरी आणताना मागच्या लेबलवर 'क्लास ए' लिहिलंय का, ते जरूर बघा.

म्हणून मी लॅपटॉपच्या कंपनीचाच मूळ अडॅप्टर घेतला. किंमत डुप्लिकेटच्या कितीतरी पट, पण जगभर तोच मॉडेल विकला जात असल्याने त्याला क्लास बी गाठणं भाग असतं. फरक पहिल्याच सकाळी कळला. बातम्या स्पष्ट, मागे जेमतेम सूर. इतके महिने हा फरक टिकून आहे.

एक नवीन त्रास मात्र झाला: लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की झिणझिण्या. फिल्टरमधले छोटे कपॅसिटर अर्थिंगकडे गोंगाट वळवतात. अर्थिंगच नसेल तर लॅपटॉपचं अंग २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास तरंगतं. प्रवाह अगदी नगण्य, पण जाणवतो. वायरमनने सॉकेट उघडलं, तर अर्थिंगची तार मागे नुसतीच लोंबत होती. ती जोडल्यावर झिणझिण्या गेल्या आणि उरलेला सूरही उतरला. फिल्टरचा महागडा बोर्ड मी याआधीच लावला होता. अर्थिंग नसताना त्याचा काडीचा उपयोग दिसला नाही, अर्थिंग आल्यावर थोडा दिसला. अर्थिंग तपासल्याशिवाय तो घेऊ नका.

फेराइटबद्दल सविस्तर सांगते, कारण त्याविषयी गैरसमज फार. केबलवर चिमटून बसवायच्या गोल डब्यांचं पाकीट ऑनलाइन मिळतं. ते बहुतेक २५ मेगाहर्ट्झच्या वरच्या गोंगाटासाठी असतात. ७९२ किलोहर्ट्झला केबल त्यातून एकदा गेली तर काही होत नाही. पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मी मोठी फेराइट रिंग आणली आणि अडॅप्टरची लॅपटॉपकडची केबल तिच्यातून पाच वेळा गुंडाळली. रोध वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे पाच वेढ्यांना पंचवीस पट. तोच प्रयोग डुप्लिकेट अडॅप्टरवर केला तेव्हा खरखर निम्म्यावर आल्यासारखी वाटली, गेली नाही. दुकानात पिवळी-पांढरी रिंग पुढे केली तर घेऊ नका. ती सहसा लोहचूर्णाची, पॉवर सप्लायच्या कॉइलसाठीची असते. चिमट्याच्या डब्यांपैकी काहींची प्लास्टिकची कडी पावसाळ्यातच तुटली. दोन अर्ध्यांमध्ये केसभर फट राहिली तरी परिणाम घसरतो, त्यामुळे अखंड रिंगच बरी.

माऊसचं प्रकरण निराळं. यूएसबी ३ हबवर एसएसडी लावली की शेजारच्या डोंगलवरचा (यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरवरचा) बिनतारी माऊस अडखळायचा. इंटेलने २०१२ सालीच हे मोजून प्रसिद्ध केलंय: यूएसबी ३च्या ५ गिगाबिट वेगाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो आणि हार्ड डिस्क जोडल्यावर तिथली पातळी सुमारे २० डेसिबलने चढते. डोंगल हातभर लांबीच्या यूएसबी २ केबलवर काढून माऊसजवळ ठेवला आणि प्रश्न मिटला. अख्ख्या टेबलावरचा सर्वांत स्वस्त उपाय हाच.

मॉनिटर अजून थोडा बोलतो. तो सुरू असताना रेडिओ टेबलापासून दोन-तीन पावलं दूर न्यावा लागतो, आणि नियमांतली मर्यादाही रेडिओ उपकरणाला चिकटून नाही, काही अंतरावर आहे असं धरूनच आखलेली असते, त्यामुळे तेवढी तक्रार मी करणार नाही. पुढचा मॉनिटर घेताना मात्र दुकानदाराला विचारून आबांचा रेडिओ सोबत नेणार आहे.