ब्राउजर हायजॅक झाला, स्पायवेअर घुसलं: स्वतः साफ करायचं, अँटीव्हायरस विकत घ्यायचा की सरळ फॉरमॅट मारायचं?

"कंप्युटरमधे व्हायरस आलाय" असं जे घरोघरी म्हणतात त्यात खरं तर दोन अगदी वेगळी दुखणी असतात आणि ती वेगळी न केल्यामुळेच लोकांचे पैसे आणि रविवार दोन्ही जातात. पहिलं म्हणजे क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान येतं, होमपेज आपोआप बदललंय, उजव्या कोपऱ्यात "तुमचा पीसी धोक्यात आहे" अशा पट्ट्या सरकतायत. हा ब्राउजर हायजॅकर किंवा नुसता अ‍ॅडवेअर, वैताग देतो पण त्याचा धंदा तुम्हाला जाहिराती दाखवण्याचा, त्यामुळे तो दिसतो. दुसरं म्हणजे स्पायवेअर, त्यातही हल्ली जास्त चालतात ते इन्फोस्टीलर. हे काहीच दाखवत नाहीत. ब्राउजरमधे सेव्ह केलेले पासवर्ड, लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन केलंय ही ब्राउजरने ठेवलेली खूण) गुपचूप उचलतात आणि पाठवून मोकळे. लुमा नावाच्या अशाच एकावर मे २०२५ मधे मायक्रोसॉफ्ट आणि वेगवेगळ्या देशांच्या तपास यंत्रणांनी मिळून मोठी कारवाई केली होती.

पहिल्याला साफ करता येतं आणि त्यासाठी कुणाला एक रुपया द्यायची गरज नाही. दुसऱ्यात मात्र साफसफाईने अर्धंच काम होतं, कारण माल आधीच गेलेला असतो.

मग आपल्याकडे कुठलं आहे ते कसं ओळखायचं? गेल्या काही दिवसांत काय टाकलं ते आठवा. फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर, व्हिडिओ डाउनलोडर, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश करताना सोबत आलेला टूलबार, तर शक्यतो हायजॅकर. पण एखादं क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायची चोरटी फाइल, टाकताना "आधी अँटीव्हायरस बंद करा" असं सांगितलं होतं, किंवा झिप फाइलला पासवर्ड होता (तो असतोच मुळी स्कॅनरला आत बघता येऊ नये म्हणून), किंवा कुठल्या तरी पानाने "तुम्ही रोबो नाही हे दाखवा" म्हणून विंडोज आणि आर दाबून काहीतरी पेस्ट करून एंटर मारायला लावलं, तर ते वाईटातलं समजा आणि खाली फॉरमॅटचा भाग आधी वाचा. जीमेलवर अनोळखी लॉगिनचा मेल आला, इन्स्टावरून तुम्ही न टाकलेल्या पोस्ट जायला लागल्या, तरी तेच.

पुण्यात हे सगळं घुसायच्या मला दोन वाटा फार दिसतात. सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधली पोरं एमपीएससीच्या नोट्सच्या पीडीएफ शोधतात, त्या साइटवर डाउनलोडची चार बटणं असतात आणि त्यातलं एकच खरं असतं. आणि दुसरी म्हणजे मराठी टायपिंग. गूगलने आपलं विंडोजवर चालणारं ऑफलाइन इनपुट टूल कधीच बंद केलं तरी लोक अजून तेच शोधतात आणि कुठल्या कुठल्या साइटवरून उचलतात, त्यासोबत काय येतं ते देव जाणे. अहो, विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमधेच आहे, लँग्वेजच्या सेटिंगमधे जाऊन फक्त जोडायचा, डाउनलोड कशाला करताय!

हाताने साफ करणं

खर्च शून्य, वेळ तासभर, आणि हायजॅकरसाठी हेच सगळ्यात खात्रीचं, फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी कंट्रोल पॅनलमधे किंवा सेटिंगच्या अ‍ॅप्समधे जाऊन यादी तारखेप्रमाणे लावा, त्रास सुरू झाला त्या सुमाराचं जे ओळखू येत नाही ते अनइन्स्टॉल करा. मग ब्राउजरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, जी तुम्ही स्वतः टाकली नाहीत ती सगळी काढा. मग सर्च इंजिन आणि स्टार्टअपचं पान तपासा. मग क्रोमच्या सेटिंगमधलं रीसेट, म्हणजे सगळं मूळ डिफॉल्टवर आणणं. त्याने बुकमार्क, हिस्टरी, सेव्ह पासवर्ड जात नाहीत, लोक उगाच घाबरतात. फायरफॉक्समधे यालाच रिफ्रेश म्हणतात.

आता कोपऱ्यातल्या त्या व्हायरसच्या पट्ट्या. निम्म्या वेळा तो व्हायरस नसतोच, कुठल्या तरी साइटला आपणच नोटिफिकेशनसाठी अलाऊ म्हटलेलं असतं. साइट सेटिंगमधे नोटिफिकेशनची यादी उघडा, अनोळखी साइट्स काढा, संपला विषय. यासाठी लोक दुकानात पैसे देऊन आलेत हे बघितलंय.

जिथे हाताचं काम अडतं ती ठिकाणंही सांगतो. एक, डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडा, टार्गेटच्या शेवटी कुठल्या तरी साइटचा पत्ता चिकटवलेला असतो, तो असेपर्यंत सेटिंग कितीही बदला, पान तेच उघडणार. दुसरं, घरचा पीसी असून क्रोमच्या मेनूत "तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित" असं दिसतं, म्हणजे कुणीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) पॉलिसी, म्हणजे सक्तीचा नियम, घुसवलीये आणि एक्स्टेन्शनचं रिमूव्ह बटण त्यामुळेच चालत नाही (ऑफिसच्या लॅपटॉपवर हे दिसणं नॉर्मल आहे, आणि काही अँटीव्हायरसही असं करतात, म्हणून लगेच दचकू नका). तिसरं, टास्क शेड्यूलरमधे, म्हणजे विंडोजच्या ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत, बसलेलं काम, जे रीस्टार्ट झालं की सगळं परत आणतं. आणि चौथं म्हणजे सिंक, इथलं एक्स्टेन्शन काढलंत पण त्याच गूगल खात्यावर चालणाऱ्या दुसऱ्या लॅपटॉपवर ते तसंच असेल तर परत येऊ शकतं, दोन्हीकडून काढा. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर पॉलिसी आणि शेड्यूलरचं काम पुढच्या टूलवर सोडा.

फुकटची टूल्स

इथे माझं मत सरळ आहे, हायजॅकरसाठी अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर. छोटीशी फाइल, इन्स्टॉल करावी लागत नाही, टूलबार, पॉलिसी, शेड्यूल केलेली कामं, बिघडवलेले शॉर्टकट हेच शोधायला बनवलेलं. २०१६ मधे ते मालवेअरबाइट्सने घेतलं, तेव्हापासून त्यांच्याच साइटवर मिळतं आणि तिथूनच घ्या, कारण सर्चमधे वर जाहिरात म्हणून येणारी लिंक भलतीकडे नेऊ शकते आणि याच्या नावाने नकली प्रोग्रामही फिरलेले आहेत. जे सापडेल ते एकदम उडवत नाही, क्वारंटाइनमधे ठेवतं, म्हणजे चुकून कामाचं गेलं तर परत आणता येतं.

मालवेअरबाइट्सचं मोठं टूलसुद्धा फुकट वापरता येतं, सुरुवातीला प्रीमियमचं ट्रायल चालू होतं आणि ते संपलं की रिअल टाइम संरक्षण बंद होऊन फक्त हाताने स्कॅन करण्यापुरतं राहतं. घरच्याला तेवढं पुरतं, पैसे भरा म्हणून खिडक्या येत राहतील त्याकडे लक्ष देऊ नका.

आणि विंडोजसोबतच येणारा अँटीव्हायरस, डिफेंडर. याला लोक उगाच हलक्यात घेतात. त्यात दोन गोष्टी बघायच्या, रेप्युटेशनवरच्या संरक्षणात (Reputation-based protection) नको असलेली अ‍ॅप्स अडवण्याचा पर्याय चालू आहे ना, आणि स्कॅनच्या पर्यायांमधलं ऑफलाइन स्कॅन. हे ऑफलाइन स्कॅन पीसी रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी चालतं, साधारण १५ मिनिटं घेतं, आणि चालू विंडोजमधे लपून बसणारं काही असेल तर तेव्हा सापडायची शक्यता जास्त. अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर एका बाजूला आणि डिफेंडर दुसऱ्या बाजूला ठेवून कोण भारी असं विचारण्यात अर्थ नाही, पहिलं जाहिरातवाल्यांचा कचरा काढतं, दुसरा खऱ्या मालवेअरच्या मागे असतो, दोन्ही चालवा.

सरकारी पर्यायही आहे, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र, २०१७ पासून. तिथे बॉट, म्हणजे तुमचा पीसी दुसऱ्याच्या हुकमावर चालवणारा मालवेअर, काढायची टूल्स फुकट मिळतात, आपली क्विक हील, ई-स्कॅन, के-सेव्हन अशा कंपन्यांची. पण नावाप्रमाणे ती बॉटसाठी आहेत, होमपेज बदललंय म्हणून तिथे जाऊ नका.

जुन्या लेखांमधे क्रोमचं स्वतःचं क्लीनअप टूल वापरा असं वाचाल, ते २०२३ मधे काढून टाकलंय, शोधत बसू नका.

विकतचा अँटीव्हायरस

पुण्यात अँटीव्हायरस म्हटलं की क्विक हील, आणि त्याचा थोडा अभिमानही असतो, कॅल्क्युलेटर रिपेअरीच्या दुकानापासून सुरू झालेली इथलीच कंपनी. पण इथे प्रश्न कंपनी चांगली की वाईट हा नाहीये. विकतचा अँटीव्हायरस, कुठलाही घ्या, येणाऱ्याला अडवायला असतो. आधीच घुसून बसलेला हायजॅकर काढायला वर्षाची लायसन्स-की विकत घेणं म्हणजे चोरी झाल्यावर वॉचमन ठेवणं. शिवाय टूलबारसारख्या गोष्टी तुम्ही स्वतः ओके म्हणून टाकलेल्या असतात, त्यामुळे बरेच अँटीव्हायरस त्यांना हात लावायला बिचकतात.

मग घ्यावा कुणी? ज्यांच्या घरी सतत पेन ड्राइव्हची ये-जा आहे, झेरॉक्सवाल्याकडे प्रिंटला जाणारे पेन ड्राइव्ह, आप्पा बळवंत चौकात छपाईची कामं देणारे, क्लास चालवणारे, त्यांना उपयोग आहे. घरात लहान मुलं असतील आणि साइट्सवर लगाम हवा असेल तरी. पण पीसी जुना, ४ जीबी रॅमचा आणि साध्या हार्ड डिस्कचा असेल तर जड अँटीव्हायरसने तो अजून रडायला लागतो, तिथे डिफेंडरच बरा. आणि दोन अँटीव्हायरस एकावर एक टाकू नका. नव्या लॅपटॉपसोबत आलेलं ट्रायल संपून तसंच पडलेलं असतं, ते काढून टाका म्हणजे डिफेंडर परत कामाला लागतो.

दुकानात नेणं

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, किंवा घराजवळच्या रिपेअरवाल्याकडे. सीपीयू अ‍ॅक्टिव्हाच्या पायाशी ठेवून शहरात न्यायचा, पार्किंग शोधायचं, हे सगळं केल्यावर तिथे बहुतेक वेळा काय होतं तर फॉरमॅट. त्यांचंही बरोबर आहे, एकेका एक्स्टेन्शनमागे तासभर घालवणं त्यांना परवडत नाही. म्हणजे तुम्ही पैसे देता ते फॉरमॅटचे, साफसफाईचे नाही, हे आधीच डोक्यात असू द्या.

देताना तोंडावर विचारा: डेटाचा बॅकअप कशावर घेणार आणि नंतर दुकानातली ती प्रत पुसणार का, समोर बसून करून देणार का, आणि विंडोज कुठली टाकणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या मशीनवर आधी ओरिजिनल विंडोज १० किंवा ११ चालू होती तर तिचं डिजिटल लायसन्स त्या मशीनशी जोडलेलं असतं, तीच एडिशन परत टाकली की नेटला जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. तरीही काहीजण सवयीने अ‍ॅक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्राम) मारून देतात, आणि तो अ‍ॅक्टिव्हेटर कुठून आणलेला असतो ते त्यांनाही माहीत नसतं. "ऑफिस पण टाकून देतो, फ्री" म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंट डेस्कटॉपवर पसरलेली असतील तर नेण्याआधी ती हलवा.

एक प्रकार मात्र पूर्ण टाळा, स्क्रीनवर आलेल्या पॉप-अपमधला किंवा सर्चमधे मिळालेला "सपोर्ट" नंबर. तो माणूस गोड बोलून रिमोटचं अ‍ॅप टाकायला लावतो आणि मग हायजॅकर परवडला असं होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

फॉरमॅट, म्हणजे रीसेट

नुसत्या हायजॅकरसाठी हे जास्तच होतं. पण स्पायवेअरची शंका असेल तर मी बाकी काहीच करत बसणार नाही. स्कॅनमधे काही सापडलं नाही याचा अर्थ काही नाही असा होत नाही, आणि त्याच पीसीवरून उद्या नेटबँकिंग करायचं असेल तर मनात किडा राहतो. सेटिंगमधे रिकव्हरीत जाऊन रीसेट, "सगळं काढा", आणि क्लाउड डाउनलोड निवडा, ४ जीबीच्या आसपास डेटा लागतो पण विंडोज ताजी येते. "फाइल्स ठेवा" हा पर्याय हायजॅकरवाल्यांसाठी ठीक, स्पायवेअरला नको. आधी बॅकअपमधे फक्त फोटो, कागदपत्रं घ्या, सेटअपच्या फाइल्स आणि ते क्रॅक परत डी ड्राइव्हवर जपून ठेवलंत तर सगळं फुकट.

आणि फॉरमॅटपेक्षाही आधी करायचं काम: दुसऱ्या स्वच्छ फोनवरून मेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे, आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउटचं बटण दाबा. नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही कारण चोरलेल्या कुकीने काही ठिकाणी पासवर्ड न टाकता आत जाता येतं. त्याच पीसीवर बसून पासवर्ड बदलणं म्हणजे नवे पण त्यांनाच देणं.

विंडोज १० वाल्यांसाठी हिशोब थोडा वेगळा होतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा सपोर्ट संपलाय, जादा सिक्युरिटी अपडेट्ससाठी नाव नोंदवलंय त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत. म्हणजे फॉरमॅट मारायचंच असेल तर परत १० टाकायच्या आधी मशीन ११ ला चालतंय का ते मायक्रोसॉफ्टच्या हेल्थ चेक अ‍ॅपमधे बघून घ्या, ११ ला लागणारी टीपीएम नावाची सुरक्षेची सोय बायोसमधे (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमधे) नुसती बंद असते अशाही केसेस निघतात. चालत नसेल आणि घरी फक्त ब्राउजर, मेल, यूट्यूब एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघायला हरकत नाही, फक्त त्याआधी तुमचा प्रिंटर आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन त्यावर चालतंय का ते पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून तपासा.