जिभेखालचे थेंब की दंडात इंजेक्शन: लेकीच्या अ‍ॅलर्जीसाठी आम्ही काय निवडलं

उठल्याउठल्या वीस शिंका, नाक खालून वर चोळून चोळून नाकावर पडलेली ती आडवी रेघ, गोळी झाली, स्प्रे झाला, आणि आता डॉक्टर म्हणतायत इम्युनोथेरपीचा (ज्याची अ‍ॅलर्जी त्याचाच थोडाथोडा डोस थेंबांतून नाहीतर इंजेक्शनातून देऊन शरीराला सवय लावायची) विचार करा, अशा मुलांच्या आईबापांसाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण थेंब आणि इंजेक्शन दोन्ही आमच्या घरात झालेत.

एवढा खटाटोप नुसत्या शिंकांसाठी नाही, दम्याच्या भीतीने. माझंच बघा ना, शाळेत शिंका, कॉलेजात शिंका, घरचे म्हणायचे याची प्रकृतीच थंड, आणि बत्तिसाव्या वर्षी एका पावसाळ्यात मध्यरात्री छातीत शिट्टी वाजायला लागली, तेव्हापासून पंप खिशात. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात २००८ साली युरोपातली एक पाहणी आली होती, साडेसहा हजारांच्या आसपास मोठी माणसं जवळजवळ नऊ वर्षं बघितलेली, त्यात अ‍ॅलर्जीची सर्दी असलेल्यांना नव्याने दमा लागायची शक्यता साडेतीन पट निघाली. ऐकून पोटात गोळा येतो. पण तेच आकडे नीट बघितले तर शंभरात चार, आणि ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यात शंभरात एक, म्हणजे बहुतेकांना होत नाही. हे मी बायकोला मोठ्या धीराने सांगितलं तर ती म्हणाली, "आणि तू त्या चारातलाच ना?" मग काय बोलणार.

स्किन टेस्टला (कशाची अ‍ॅलर्जी आहे ते कातडीवर बघतात ती) धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, जोरात आले, गाजरगवत थोडं. (पुण्यात राहून गाजरगवत नाही आलं तर नवल, हे गवत देशात पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यावर आलं तेच पुण्यात, १९५०च्या दशकात.) लेक तेव्हा आठ वर्षांची, सुई म्हटलं की पलंगाखाली, त्यामुळे आधी थेंबच घेतले. कागदावर थेंब सरसच आहेत, सुई नाही, पहिला डोस तेवढा डॉक्टरांसमोर आणि मग घरच्या घरी, मोठी रिअ‍ॅक्शन यायचा धोकाही इंजेक्शनपेक्षा कमी. सुरुवातीला जिभेखाली खाज आली, पंधरा दिवसांत गेली.

घोडं अडलं ते रोजच्या रोज देण्यात. आम्हाला सांगितलेलं की सकाळी उपाशीपोटी, थेंब जिभेखाली दोन मिनिटं धरायचे, गिळायचे नाहीत, नंतर थोडा वेळ दूधसुद्धा नाही. स्कूलबस ६:५० ला. ती दोन मिनिटं म्हणजे काय असतं ते आठ वर्षांच्या पोरीसमोर घड्याळ धरून उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही, तिला नेमकं तेव्हाच हसू येतं, नेमकं तेव्हाच बाईंनी काल काय सांगितलं ते आठवतं, आणि खाली बस हॉर्न देत असते. डोस दिला की मी कालनिर्णयवर त्या तारखेला टिक मारायचो. गणपतीत टिका विरळ झाल्या, दिवाळीत गावाला गेलो तर बाटली फ्रीजच्या दारात कोथिंबिरीच्या डब्यामागेच राहिली, सलग ११ दिवस कोरे. सात महिन्यांनी मोजल्या तर टिका भरल्या १२८. असं औषध तीन वर्षं आमच्याच्याने व्हायचं नाही हे तिथेच कळलं.

मग इंजेक्शन. आधी दर आठवड्याला, काही महिन्यांनी महिन्यातून एक, एकूण तीन ते पाच वर्षं. कटकट आहेच, टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, आणि ठेवायलाच पाहिजे, क्वचित का होईना पण जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन (अशा रिअ‍ॅक्शनवर तातडीने टोचायचं औषध) हाताशी ठेवणाऱ्या ठिकाणीच जा. छातीत घरघर असेल त्या दिवशी टोचत नाहीत, आमची एक खेप तशी फुकट गेली. एकदा दंडावर लिंबाएवढी गाठ आली, बर्फ लावला, दुसऱ्या दिवशी उतरली. पण महिन्याला एकदा जायचं असतं आणि चुकलं तर तिकडून फोन येतो. फ्रीजमधल्या बाटलीला फोन करता येत नाही.

अभ्यासांचं म्हणाल तर त्यांचाही कल थोडा इकडेच दिसतो. युरोपात परागाची अ‍ॅलर्जी असलेल्या २०५ मुलांचा एक अभ्यास झाला, काहींना तीन वर्षं इंजेक्शनं, काहींना नाही, आणि दहाव्या वर्षी बघितलं तेव्हा सुरुवातीला दमा नसलेल्यांपैकी इंजेक्शनवाल्या ६४ मध्ये १६ जणांना दमा, बाकीच्या ५३ मध्ये २४ जणांना. जिभेखालच्या गवताच्या गोळ्यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला, मुलं ८१२, त्यात दम्याचं निदान काही लांबलं नाही, पण दम्याचा त्रास आणि औषधं मात्र कमी झाली. आता हे सगळं तिकडच्या बर्च नावाच्या झाडाच्या आणि गवताच्या परागाचं, आपल्या माइटला जसंच्या तसं लावता येणार नाही, त्यामुळे मी फार ताणत नाही.

मूल पाच-सहा वर्षांचं असेल, किंवा चांगला अ‍ॅलर्जीवाला डॉक्टर दोन तास लांब असेल, किंवा घरात आजी-आजोबांसारखं रोज न चुकता देणारं कोणी असेल तर थेंबच बघा, खरंच वाईट नाहीत. आमच्याकडे दोघंही नोकरीला. इंजेक्शनला आता दीड वर्ष झालं, शिंका वीसवरून चार-पाचवर आल्यात, गोळी फक्त पावसाळ्यात लागली, छाती अजून तरी साफ, इंजेक्शनमुळे की वयामुळे देव जाणे. सुईचं म्हणाल तर पहिल्या तीन वेळा रडली, आता महिन्याचा तो शनिवार तीच मला आठवण करून देते, कारण त्या अर्ध्या तासात तिला माझा मोबाईल मिळतो.