कास पठार: निळ्या फुलांसाठी जाणार असाल तर

मोबाइलवर फिरणारे गालिच्यांचे फोटो पाहून कासला जाणारे बरेच जण हिरमुसून परततात. दोष पठाराचा नसतो, चुकलेल्या वेळेचा असतो. कासचा निळा-जांभळा रंग मुख्यतः सीतेच्या आसवांचा. हे फूल जेमतेम सेंटिमीटरभराचं, वीतभर काडीवर येणारं. हजारोंनी फुललं तरच लांबून रंग दिसतो, एरवी उकिडवं बसल्याशिवाय सापडतही नाही.

आधी व्यवस्थेबद्दल. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने साधारण 25 किलोमीटर. हंगामात दिवसाला 3000 पर्यटकांची मर्यादा आहे, नोंदणी ऑनलाइन करायची आणि वेळ निवडून जायचं. प्रवेशशुल्क हंगामागणिक बदलतं, त्यामुळे जुन्या लेखांतल्या आकड्यांवर विसंबू नका. आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती हे सगळं सांभाळते. मार्गदर्शक घ्यायचा की नाही? घ्याच. फुलं ओळखणारा माणूस बरोबर नसेल तर आसवं आणि गेंदाची पांढरी फुलं पाहून लोक तासाभरात गाडीत बसतात, आणि दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती बुटापासून हातभर अंतरावर असूनही दिसत नाही.

मर्यादा असली तरी रविवारी 3000 माणसं म्हणजे वाटेवर जत्राच. मंगळवार-बुधवारची सकाळ असेल तर या अनुभवाला 5 पैकी साडेचार गुण, रविवारच्या दुपारी फार तर अडीच.

आता मुख्य प्रश्न, कधी जायचं? ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा ढोबळ हंगाम झाला, पण तारखेपेक्षा पाऊस पाहावा. कास हा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ माथा आहे, उंची सुमारे 1200 मीटर. दगडावरची माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. पावसात ती स्पंजासारखी भिजून राहते आणि उघडीप पडली की झपाट्याने सुकते. सीतेच्या आसवांना ही ओल सतत लागते. शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया पर्प्युरासेन्स. खरी मुळं या वनस्पतीला नसतातच. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात. पिशवीच्या दाराशी असलेल्या केसाला एखादा सूक्ष्मजीव लागला की दार उघडून तो पाण्यासकट आत ओढला जातो, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात. सड्यावरच्या मातीत नत्र नसल्यातच जमा, ते या शिकारीतून भागतं. म्हणूनच गवत फोफावू शकत नाही अशा उथळ, पाणी झिरपणाऱ्या जागी आसवं दाट येतात आणि शेजारी गेंदाची पांढरी गोंडेदार बोंडं असतात. सलग सरींनंतर एक-दोन दिवस हलकी उघडीप मिळाली तर तो योग साधावा. धो धो पावसात धुकं उतरतं आणि दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. उलट आठवडाभर कडक ऊन पडलं असेल तर आसवं माना टाकतात. सोनकीने पठार पिवळं धमक झालं की निळ्याचा बहर ओसरू लागला असं समजा.

सकाळच्या वेळेत गर्दी कमी आणि उजेड मऊ, आसवांसाठी तीच बरी. पण नीलिमा पाहायची असेल तर सकाळ फुकट जाईल. तीन नाजूक पाकळ्यांचं हे फूल दुपारनंतर उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. टोपली कारवीचा निळा-जांभळा बहर मात्र 7 वर्षांनी येतो. मोठा बहर 2016 मध्ये आला होता. अधल्यामधल्या वर्षी एखादं झुडूप फुललेलं दिसलं तर नशीब, त्या आशेने तिकीट काढू नये.

फोटोंबाबत: मोबाइल आसवांचा निळा हटकून जांभळा करतो. ढगाळ उजेडात काढा, स्क्रीनवर फुलाला टिचकी मारून फोकस पक्का करा आणि उजेड थोडा कमी करा. नाहीतर मागचं गवत स्पष्ट येतं आणि फूल पांढुरकं. फोटोसाठी वाट सोडून आत उतरू नका. तुडवलेली माती दबते, बी रुजायला जागा उरत नाही.

पूर्वी इथे तारेचं कुंपण होतं. त्याने गुरांचं चरणं थांबलं, गवत माजलं आणि फुलं घटली, अशी स्थानिकांची तक्रार होती. पुढे ते कुंपण काढलं गेलं. आता सगळी भिस्त पर्यटकांच्या शिस्तीवर आहे, आणि सेल्फीवाल्यांकडे पाहून ती फारशी भरवशाची वाटत नाही.

वाऱ्यात छत्री उलटते, रेनकोटच घ्या. शेवाळलेल्या जांभ्यावर गुळगुळीत तळाचे बूट हमखास घसरतात. कुमुदिनी तलावापर्यंतची राजमार्ग नावाच्या वाटेवरची चाल बऱ्यापैकी लांब आणि चिखलाची आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी रस्त्यालगतच्या भागावर समाधान मानावं. आसवं तिथेही भरपूर असतात.